परमुलखातील साप

परमुलखातून आणलेला एखादा साप पिंजऱ्यातून निसटून रानात गेला, तर तो तेथे जगेल काय, आणि जगलाच तर त्याचा वंश वाढेल काय, हा प्रश्न वरवर पाहता प्राणिशास्त्राच्या तासाला शोभणारा वाटतो. परंतु त्याचे उत्तर देऊ लागले म्हणजे माणसाची हौस, माणसाचा व्यापार आणि माणसाची दया या तिन्हींचा हिशेब मांडावा लागतो. म्हणूनच आम्ही तो या वार्षिकाच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत. पाठ्यपुस्तकात तो नसला तरी घरात आणि गावात त्याच्याशी गाठ पडण्याचा संभव आहे.

या प्रश्नाला सामान्यतः दोन प्रकारची उत्तरे मिळतात. काही जण म्हणतात, "बिचारा मरून जाईल. ना ओळखीचे रान, ना ओळखीचे भक्ष्य. चार दिवसांत कोल्ह्याच्या नाही तर घारीच्या तोंडी पडेल." दुसरे काही जण एक साप सुटल्याचे कानी येताच साप साप म्हणून भुई धोपटू लागतात. पहिले उत्तर बेफिकिरीचे आहे आणि दुसरे भित्रेपणाचे. दोन्हींमध्ये सत्याचा थोडाथोडा अंश आहे. पण त्यांपैकी एकावरही विसंबून राहता येणार नाही, असे आमचे मत आहे.

प्रथम पहिल्या उत्तरातील तथ्य पाहू. सुटलेला परका साप बहुधा मरतोच. साप हा थंड रक्ताचा प्राणी. त्याला अंगची ऊब उन्हातून आणि जमिनीतून मिळवावी लागते. उष्ण, दमट मुलखातील साप थंडीच्या प्रदेशात गेला, तर अन्न समोर असूनही त्याला ते पचत नाही. शिवाय लपावयास बिळे हवीत, योग्य आकाराचे भक्ष्य हवे, आणि वंश वाढावयाचा तर जोडीदार हवा. एकटादुकटा सुटलेला साप आयुष्यभर भटकला तरी त्याला स्वजातीयाची भेट घडेलच असे नाही. घरात हौसेने पाळलेले कितीतरी साप जगभर सुटत असतात. परंतु त्यांतील फारच थोड्यांनी नव्या भूमीत आपला वंश रुजविला आहे.

मात्र या थोड्यांची कहाणी अशी आहे की, ती ऐकल्यावर बेफिकीर राहणे शक्य नाही. निसर्गाने सापाला काही विलक्षण सोयी दिल्या आहेत. मोठा साप एकदा पोटभर जेवला की महिनेन्‌महिने उपाशी राहू शकतो. कित्येक जातींच्या माद्या नराचे बीज दीर्घकाळ शरीरात जपून ठेवतात. म्हणजे एकटी दिसणारी मादीसुद्धा पुढे अंडी घालू शकते. शिवाय साप अबोल, लपणारा आणि सडपातळ असल्यामुळे जहाजातील खोक्यात, विमानाच्या चाकाशेजारी किंवा झाडाच्या मुळांशी असलेल्या मातीत कोणाच्या नजरेस न पडता हजारो कोस प्रवास करतो.

याचे सर्वांत सोपे उदाहरण आपल्या अंगणातच सापडेल. पावसाळ्यात न्हाणीच्या मोरीजवळ किंवा कुंडीखाली गांडुळासारखा दिसणारा, वीतभर लांबीचा, काळसर चकचकीत वाळा पुष्कळांनी पाहिला असेल. तो बिनविषारी आहे. मुंग्या आणि वाळवी यांची अंडी व अळ्या खाऊन राहतो. या वाळ्याच्या जातीत नर आढळतच नाही. सगळ्या माद्याच, आणि त्या नरावाचून अंडी घालतात. अशी एक मादी कुंडीच्या मातीतून परदेशी गेली की नव्या वसाहतीची सोय झालीच. फुलझाडांच्या व्यापाराबरोबर हा चिमुकला साप आशियातून आफ्रिका, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि प्रशांत महासागरातील बेटे येथवर पोहोचला. त्याने कोठे मोठा अनर्थ केल्याचे ऐकिवात नाही. पण परमुलखातील साप जगू शकतो काय, या प्रश्नाला त्याने आपल्या परीने उत्तर देऊन ठेवले आहे.

आता मोठ्या आकाराचे उदाहरण घेऊ. अमेरिकेतील फ्लॉरिडा संस्थानाच्या दक्षिण टोकाला एव्हरग्लेड्स नावाचा विस्तीर्ण पाणथळ प्रदेश आहे. तेथे ब्रह्मदेशी अजगर आज ठाण मांडून बसला आहे. त्याचे मूळ घर ईशान्य भारतापासून ब्रह्मदेश, सयाम आणि दक्षिण चीनपर्यंत. तो अमेरिकेत गेला तो पाळीव प्राण्यांच्या बाजारातून. हातभर लांबीचे सुंदर पिल्लू लोक हौसेने विकत घेत. दोनचार वर्षांत ते माणसाच्या दुप्पट लांब झाले की घाबरून रात्रीच्या वेळी कालव्याकाठी सोडून देत. १९९२ च्या ऑगस्टमध्ये अँड्र्यू नावाच्या चक्रीवादळाने अजगरांची पैदास करणारी एक जागा उद्ध्वस्त केली, तेव्हाही बरेच अजगर सुटले असावेत. तेथे एक अजगर १९७९ मध्येच आढळला होता. परंतु त्यांची तेथे वीण होत आहे हे २००० सालाच्या सुमारास मान्य झाले. वीस वर्षे ज्याला 'एखाददुसरा सुटलेला साप' म्हणत होते, तो त्या रानाचा धनी होऊन बसला होता.

परिणाम काय झाला? २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रात्री रस्त्याने जाताना कोणते प्राणी किती दिसतात याची पूर्वीच्या नोंदींशी तुलना केली होती. रॅकून दिसण्याचे प्रमाण ९९ टक्क्यांनी घटले होते. ऑपॉसमचे जवळजवळ तितकेच. बॉबकॅट या रानमांजराचे सुमारे ८७ टक्क्यांनी. आणि पाणथळीतील ससे तर दिसलेच नाहीत. एवढ्या मोठ्या सापाला भ्यावयाचे असते, हे त्या प्राण्यांना पिढ्यान्‌पिढ्या कोणी शिकविलेच नव्हते. २०२२ मध्ये तेथे पकडलेली एक मादी सुमारे ९८ किलो वजनाची होती, आणि तिच्या पोटात वाढत असलेली १२२ अंडी मिळाली. २०१० च्या जानेवारीत कडाक्याची थंडी पडली, तेव्हा यंत्र बसवून पाळत ठेवलेल्या १० अजगरांपैकी ९ मेले. लोकांना वाटले, निसर्गानेच न्याय केला. पण जे तगले त्यांची प्रजा पुढे वाढतच राहिली.

दुसरे उदाहरण याहून करुण आहे. प्रशांत महासागरात ग्वाम नावाचे सुमारे ५४० चौरस किलोमीटरचे बेट आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी सामानाबरोबर न्यू गिनीच्या बाजूने तपकिरी वृक्षसर्प तेथे उतरला. कोणी त्याला मुद्दाम आणले नाही आणि कोणी येताना पाहिले नाही. मूळचे आलेले साप संख्येने थोडेच असावेत. चाळीस वर्षांच्या आत त्यांनी बेट भरून टाकले. रानातील पाखरे कमी होऊ लागली, तेव्हा प्रथम रोगाचा आणि कीटकनाशकांचा संशय घेण्यात आला. खरा चोर साप आहे, हे ज्युली सॅव्हिज या संशोधिकेने १९८७ मध्ये सप्रमाण दाखवून दिले. बेटावरील १२ मूळ रानपक्ष्यांपैकी १० त्या रानातून नाहीसे झाले. पाखरे गेली म्हणून कोळ्यांचे राज्य माजले; फळे खाऊन बी दूरवर टाकणारे कोणी उरले नाही म्हणून नवी झाडे उगवणे मंदावले; आणि विजेच्या तारांवर चढणाऱ्या सापांमुळे बेटावरील दिवेही वारंवार जाऊ लागले. ग्वामचा कोको हा न उडणारा पक्षी रानातून पार नष्ट झाला होता. पिंजऱ्यात जपलेल्या थोड्या पक्ष्यांची वीण करून तो शेजारच्या सर्परहित बेटांवर सोडण्यात आला, आणि २०१९ मध्ये रानातून नामशेष झालेल्यांच्या यादीतून त्याचे नाव निघाले. एवढाच काय तो दिलासा.

सगळीकडे असेच घडते असे मात्र नाही, आणि ते सांगणे न्यायाचे होईल. वेल्समधील कोल्विन बे येथील प्राणिसंग्रहालयातून १९७० नंतरच्या काळात युरोपच्या दक्षिणेकडील एक बिनविषारी साप निसटला. त्याची प्रजा आजही तेथे आहे. पण तिने मोठा उत्पात केल्याची तक्रार नाही. याउलट स्पेनच्या ताब्यातील ग्रान कनेरिया बेटावर कॅलिफोर्नियातील किंगस्नेक नावाचा पाळीव साप १९९८ मध्ये प्रथम रानात दिसला. जेथे तो माजला तेथे, जगात अन्यत्र कोठेही नसलेला तेथील मोठा सरडा नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. साप दोन्हीकडे परकाच. मग फरक कशाने पडला? कनेरिया बेटांवर मुळात एकही साप नव्हता. त्यामुळे तेथील सरड्यांना सापापासून पळणे ठाऊक नव्हते आणि सापाचे वैरीही फारसे नव्हते. वेल्समध्ये थंडी आहे, देशी साप आहेत, सापांना खाणारे प्राणीही आहेत.

यावरून मूळ प्रश्नाचे उत्तर आमच्या मते असे देता येईल. परमुलखातील साप नव्या रानात जगू शकतो आणि वाढूही शकतो. पण त्यासाठी चार गोष्टी जुळून याव्या लागतात. हवामान त्याच्या मूळ घराशी मिळतेजुळते हवे. सहज सापडणारे भक्ष्य हवे. त्याला खाणारे शत्रू थोडे हवेत. आणि सुटणाऱ्या सापांची संख्या जोडीदार मिळण्याइतकी तरी हवी. पहिल्या तीन गोष्टी निसर्गाच्या हाती आहेत. चौथी सर्वस्वी माणसाच्या हाती आहे. आमचा सगळा भर या चौथ्या गोष्टीवर आहे.

कोणी म्हणेल, "साप वाढला तर त्याचा बंदोबस्त करता येईल; विज्ञान एवढे पुढे गेले आहे!" या आशेला इतिहास दुजोरा देत नाही. ग्वाममध्ये डोकेदुखीवरची पॅरासिटामॉलची मात्रा मेलेल्या उंदरात घालून ते उंदीर हेलिकॉप्टरमधून रानात टाकण्याचा प्रयोग झाला. ८० मिलिग्रॅमने साप मरतो खरा, पण बेट अद्याप सापमुक्त झालेले नाही. फ्लॉरिडात २०१३ मध्ये अजगर पकडण्याची स्पर्धा ठेवली, तेव्हा सुमारे १६०० लोक रानात उतरले आणि महिनाभरात त्यांच्या हाती ६८ अजगर लागले. बैल गेला आणि झोपा केला, अशी ही गत आहे.

कधीकधी तर रोगापेक्षा उपायच भयंकर ठरतो. आपला मुंगूस सापाचा वैरी म्हणून प्रसिद्ध. जपानमधील अमामी बेटावरील विषारी हाबू सापाचा नायनाट व्हावा म्हणून १९७९ मध्ये तेथे सुमारे ३० मुंगूस सोडण्यात आले. कोणाच्या लक्षात आले नाही की मुंगूस दिवसा हिंडतो आणि हाबू रात्री. दोघांची गाठ क्वचितच पडली. मुंगसांनी मग त्या बेटावरचे दुर्मिळ ससे आणि पक्षी यांचा फडशा पाडण्यास आरंभ केला. त्या मुंगसांचा निःपात झाल्याची घोषणा करावयास जपान सरकारला २०२४ साल उजाडावे लागले. ३० प्राणी सोडण्यास एक दिवस पुरला असेल. निस्तरण्यास ४५ वर्षे लागली.

या सर्व हकीकतीत भारतीयांना अभिमान वाटावा असाही एक प्रसंग आहे. २०१७ च्या जानेवारीत फ्लॉरिडाच्या लोकांनी तामिळनाडूतील इरुळा जमातीच्या मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल या दोघा सर्पज्ञांना साहाय्यासाठी बोलाविले. या दोघांनी शाळेत प्राणिशास्त्र शिकलेले नव्हते. वाडवडिलांकडून चालत आलेली विद्या तेवढी त्यांच्यापाशी होती. गवताची मोडलेली काडी, विष्ठा, वाळूवरची पुसट रेघ यांवरून माग काढीत त्यांनी दोन आठवड्यांच्या आत १३ अजगर पकडून दिले. त्यांपैकी एक मादी सुमारे १६ फूट लांब होती. २०२३ मध्ये भारत सरकारने दोघांना पद्मश्री देऊन गौरविले. ज्या विद्येला आपण अडाण्यांची म्हणून हसतो, तिला सातासमुद्रांपलीकडून बोलावणे आले, हे आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. पण हेही ध्यानात ठेवावे की, त्या दोघांनासुद्धा फ्लॉरिडा अजगरमुक्त करता आला नाही. ते कोणालाच करता आलेले नाही.

आता आपल्याकडे वळू. आपल्या देशातही परदेशी साप, घोरपडीसारखे इग्वाना, रंगीत कासवे हौसेने पाळण्याची लाट आली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. १ एप्रिल २०२३ पासून ती अमलात आली असून आंतरराष्ट्रीय करारातील परदेशी प्राणी बाळगणारांस आता नोंद करावी लागते. कायदा चांगला आहे. पण कायद्याचा हात प्रत्येक घराच्या मागील दारापर्यंत पोहोचत नाही, आणि प्राणी सोडले जातात ते मागील दारानेच. मत्स्यालयाच्या दुकानात रुपयाएवढे दिसणारे लाल कानाचे अमेरिकन कासव मोठे झाले, पाणी घाण करू लागले, की पुष्कळ सुशिक्षित कुटुंबे ते देवळाच्या तळ्यात सोडून हात जोडतात. त्यांना वाटते, जीवदान दिले. तळ्यातल्या देशी कासवांचे काय होणार, हा विचार मनाला शिवत नाही. सापाच्या बाबतीत उद्या हेच घडणार नाही, असे कोण म्हणेल?

दयेचे आणखी एक रूप याहून जवळचे आहे. घरात निघालेला नाग वा धामण मारू नये, सर्पमित्राला बोलवावे, हा विचार आता बराच रुजला आहे आणि तो स्तुत्य आहे. परंतु पकडलेला साप 'दूरच्या मोठ्या जंगलात' सोडला म्हणजे त्याचे कल्याण झाले, ही समजूत मात्र तपासली पाहिजे. पश्चिम घाटातील आगुंबे येथे नागराजांच्या अंगी यंत्रे बसवून केलेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या ठिकाणाहून दूर नेऊन सोडलेला नागराज, घरच्या रानात राहणाऱ्या नागराजाच्या मानाने फार दूरवर वणवण भटकताना आढळला. देशी सापालासुद्धा परके रान असे छळते, तर वाचविलेला साप शक्य तितक्या जवळच्या सुरक्षित जागी सोडणे हेच खरे जीवदान होय.

येथे एक आक्षेप येईल. मिरची, बटाटा, काजू हे सारे परमुलखातूनच आले. त्यांच्यावाचून आपले पान आज वाढले जाणार नाही. मग सापावरच एवढा रोष का? शिवाय आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज महाराष्ट्रातून उठून दूरच्या मुलखात येऊन राहिले आणि तेथल्या भूमीशी एकरूप झाले. तेही परकेच म्हणावयाचे काय? या आक्षेपाचे उत्तर स्पष्ट आहे. मिरची शेतकऱ्याच्या बांधाच्या आत राहते. घाणेरी आणि गाजर गवत बांध मानीत नाहीत, म्हणूनच त्यांनी आपली कुरणे गिळली. परकेपणा हा दोष नव्हे. आवरता न येणे हा दोष आहे. माणसाची गोष्ट तर सर्वस्वी निराळी. तो नव्या गावी जाऊन तेथील भाषा शिकतो, शेजाऱ्याच्या सुखदुःखात सामील होतो, घेतो तसे देतोही. सापाला हे करता येत नाही. म्हणून प्राणिशास्त्रातील हा नियम कोणी माणसांना लावू नये. तो अविचार ठरेल.

शेवटी सापाविषयी एक शब्द. या हकीकतीत खलनायक शोधावयाचाच झाला, तर तो साप नव्हे. ज्या ब्रह्मदेशी अजगराला फ्लॉरिडात हजारोंच्या संख्येने मारावे लागत आहे, तोच अजगर आपल्या मूळ आशियाई घरी जंगलतोड आणि शिकार यांमुळे संकटात सापडलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. एका भूमीवर तो नको इतका झाला, दुसऱ्या भूमीवर तो हवा असून उरत नाही. दोन्हीकडे करणारा माणूस एकच. साप मारून हा दोष फिटणार नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखे ते होईल.

आमच्या विद्यार्थ्यांना आमचे सांगणे थोडकेच आहे. परदेशी प्राणी हौसेखातर विकत घेऊ नका, आणि घरी अगोदरच असेल तर तो तळ्यात किंवा रानात सोडू नका; वनखात्याला कळवा. देशी साप दिसला तर त्याला मारू नका, आणि त्याला फार दूर नेऊ देऊ नका. नवी कुंडी वा रोप आणले की त्याची माती नीट पाहा. या गोष्टींना पैसा लागत नाही आणि पराक्रमही लागत नाही. ग्वामच्या बंदरावर उतरलेली ती खोकी कोणी वेळीच नीट तपासली असती, तर तेथील रानात आजही पहाटे पाखरे बोलली असती.